विद्यापीठाच्या लायब्ररीची डायरेक्टर व्हायचंय

प्रश्न: ताई, मी मिरजेची. बी.लिब. झालंय, सांगलीतल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत कॉन्ट्रॅक्टवर असिस्टंट आहे. घरचे म्हणतात पुस्तकं द्यायची-घ्यायची, यात कसलं आलंय करिअर. मला विद्यापीठाच्या लायब्ररीची डायरेक्टर व्हायचंय, काय काय करावं लागेल?

उत्तर: लांबचा रस्ता आहे पण आहे नक्की. एम.लिब. कर, 55 टक्के हवेतच, मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, की कॉलेजची ग्रंथपाल व्हायला पात्र झालीस. डायरेक्टरच्या पदाला यूजीसीच्या 2018च्या नियमाप्रमाणे पीएचडी आणि 10 वर्षांचा अनुभव लागतो, तो कॉलेजच्या ग्रंथपालाचाही चालतो, फक्त सध्याची असिस्टंटची वर्षं त्यात धरू नकोस. महाराष्ट्राच्या 2016च्या कायद्यात या पदाला संचालक, ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. शिवाजी विद्यापीठातलं बॅ. बाळासाहेब खर्डेकर केंद्र जवळच आहे, एकदा जाऊन बघून ये.

आता खरं सांगायचं ते हे, की यूजीसीच्या त्याच नियमात अजून एक अट आहे आणि तिच्याकडे कुणी नीट बघत नाही. लायब्ररीत नवीन काय चालू केलं, कॉम्प्युटरचा वापर कसा केला, त्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो इंटरव्ह्यूच्या तोंडावर गोळा होत नाही गं! कॉलेजात कोहा, म्हणजे लायब्ररी चालवायचं सॉफ्टवेअर, नसेल तर बसवायचं काम मागून घे, ते फुकट आहे, जुन्या ॲक्सेशन रजिस्टरमधल्या (आलेल्या पुस्तकांच्या वहीतल्या) नोंदी त्यात चढव आणि काय केलं त्याची तारखेसकट फाईल ठेव.

नुसतं द्यायचं-घ्यायचं काम म्हणणाऱ्या घरच्यांना 2019चा महापूर आठवत असेलच. सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तकं गेली. भिजलेल्या पुस्तकाला दोन दिवसात बुरशी धरते, गुळगुळीत कागदाचं असेल तर पानं चिकटून नुसती वीट होते. मग आधी काय वाचवायचं, दुर्मिळ काय आहे, तळमजल्यावर काय ठेवायचंच नाही, हे पाऊस पडायच्या आधी ठरवणं हे डायरेक्टरचं काम. जर्नलचं, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकांचं पण तसंच, 2025 पासून केंद्र सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेतून सरकारी विद्यापीठांना हजारो जर्नल मिळतायत, पण विटा-जतवरून आलेल्या पोराला ती उघडायची कशी हे कुणीतरी शिकवायला नको का?

सेटचा पहिला पेपर सगळ्या विषयांना सारखाच असतो, त्याची तयारी एम.लिब.सोबतच सुरू कर.