बातोनीच्या चित्रातली ती स्त्री व्हीनस नव्हे

प्रश्न: पोम्पेओ बातोनीच्या 'शांती आणि युद्ध' (1776, शिकागो) या तैलचित्रात मार्सला (रोमन युद्धदेवाला) बिलगलेली स्त्री म्हणजे शांतीचं मूर्त रूपच कशावरून? व्हीनस, म्हणजे प्रेमदेवता, का नाही? आणि ती अर्धनग्न का?

शांतीच आहे. मार्सजवळ उघड्या अंगाची बाई दिसली की 'व्हीनस' म्हणून मोकळं व्हायचं, ही खोड मला सहन होत नाही.

आधी तिच्या हातातली फांदी बघा: ती ऑलिव्हची, म्हणजे शांतीची खूण. ऑलिव्हचं पान अरुंद, लांबट, देठावर समोरासमोर जोडीने. वरून राखाडी हिरवं, खालून रुपेरी. लॉरेलचं (विजयाची खूण मानलेल्या झाडाचं) पान रुंद, गडद, तकतकीत आणि एकाआड एक. व्हीनसचं झाड मानलेल्या मर्टललाही पानं जोडीने येतात, पण ती छोटी, टोकदार आणि चकचकीत असतात. फसगत होते ती वॉर्निशमुळे. राळेचं वॉर्निश जुनं झालं की पिवळं पडतं आणि ऑलिव्हची रुपेरी छटा मारली जाते. तांब्यापासून केलेले जुने हिरवे रंग तर स्वतःच तपकिरी होतात. मग छापील प्रतीत ऑलिव्ह सरळ लॉरेल वाटतो. अशा वेळी रंग सोडून द्या. पानाची रुंदी आणि जोडी तपासा.

मग शस्त्रं. व्हीनस असली की मार्सची शस्त्रं बहुधा उतरलेली असतात, बाळं त्यांच्याशी खेळतात, आसपास क्यूपिड (पंखवाला बाळ प्रेमदेव), कबुतरं, गुलाब. इथे मार्स चिलखतात आहे, तलवार हातात आहे आणि ती त्याला आवरते आहे. प्रेमात गुंतून युद्ध विसरणं वेगळं, उगारता हात धरणं वेगळं. 'नावाने काय फरक पडतो' म्हणणाऱ्यांनी इथे नीट बघावं: नाव बदललं की चित्राचा अर्थच उलटतो.

अर्धनग्न का, तर पोलादाशेजारी मऊ त्वचा ठेवली की विरोध डोळ्यांत भरतो. रूपकातल्या स्त्रीला त्या काळी ती मुभा होतीच.

1776 दिसलं म्हणून लगेच अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आणू नका. बातोनी रोमचा चित्रकार, आणि हा विषय त्याच्या कितीतरी आधीपासून रंगवला जात होता.

एक मात्र आहे. चेझारे रीपाच्या 'इकोनोलोजिया'त (रूपकातल्या व्यक्ती कशा दाखवाव्यात हे सांगणारा ग्रंथ, 1593) शांतीला ऑलिव्ह, शस्त्रं जाळणारी मशाल, समृद्धीचं शिंग अशा खुणा दिल्या आहेत, पण चित्रकार त्यातून हवं तेवढंच उचलत. फ्रेंच चित्रकर्ती एलिझाबेथ व्हिजे ल ब्रंच्या 1780च्या, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या चित्रात शांती समृद्धीला परत आणते आणि मार्स मुळातच नाही. तिथे शस्त्रांची कसोटी लावता येत नाही. फांदी आणि शिंग यांवरच ओळखावं लागतं.