वाचकांचे प्रश्न : रांगेत उभे राहण्यासाठी इतक्या लांब का जायचे?

सुट्टीचे बेत आखण्याचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत थीम पार्कविषयीचे प्रश्न वाढतात, आणि त्यातली बहुतेक पत्रे तिकिटाच्या दराबद्दल नसून तिथल्या रांगांबद्दल असतात. त्यांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही अकरा आणि सात वर्षांच्या मुलांना घेऊन थीम पार्कला गेलो. दिवसभरात चारच राइड झाल्या, बाकीचा वेळ रांगेत गेला. यंदा खोपोलीला जावे की बेंगळूरजवळ बिडदीला, आणि कधी जावे? (एक वाचक भगिनी, खानापूर)

उत्तर : कुठे जावे यापेक्षा कधी जावे हा प्रश्न आधी सोडवावा, कारण मे महिन्यातला रविवार निवडल्यावर पुढच्या कोणत्याही युक्तीचा फारसा उपयोग होत नाही. याबाबतीत सीमाभागातल्या आपल्या लोकांना एक सोय आहे, जी पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या कुटुंबाला नाही. आपली मुले मराठी माध्यमात शिकत असली तरी त्यांची शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकाप्रमाणे चालते. राज्य अभ्यासक्रमाच्या शाळांना इथे साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते आणि मेअखेरीस त्या पुन्हा उघडतात, तर महाराष्ट्रात शाळा एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालतात आणि विदर्भ सोडल्यास जूनच्या मध्यावर सुरू होतात. म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून पुढचे दहा-बारा दिवस असे मिळतात की आपली मुले मोकळी असतात आणि मुंबई-पुण्याची मुले वर्गात बसलेली असतात. खोपोलीजवळचे इमॅजिका हे २०१३ साली सुरू झालेले उद्यान मुख्यतः मुंबई-पुण्याच्या गर्दीवर चालते, तेव्हा या दिवसांतला मंगळवार किंवा बुधवार आपण निवडावा. १४ एप्रिलची आंबेडकर जयंती आणि तिला लागून येणारा शनिवार-रविवार मात्र टाळावा. बिडदीच्या वंडरलाची गोष्ट उलट आहे. ते २००५ पासून चालू असून तिथे येणारी बहुतेक कुटुंबे कर्नाटकातलीच असतात, त्यामुळे आपल्या मुलांना सुट्टी लागते त्याच दिवशी तिथली गर्दीही वाढते.

हाच हिशेब दसऱ्याच्या सुट्टीलाही लागू पडतो. कर्नाटकातल्या शाळा दसऱ्याला बरेच दिवस बंद असतात, महाराष्ट्रातली मोठी सुट्टी मात्र दिवाळीची असते. दसऱ्याचा दिवस आणि त्याच्या आजूबाजूचे शनिवार-रविवार वगळले तर त्या सुट्टीतही खोपोलीला जाणे सोयीचे ठरते. १ नोव्हेंबरची राज्योत्सवाची सुट्टी फक्त कर्नाटकाची असते, पण दिवाळी त्याच सुमारास आली तर तिचा काही लाभ नाही. आपली मुले सीबीएसईच्या शाळेत असतील तर शाळेचे पत्रक पाहून हे गणित पुन्हा मांडावे लागेल.

प्रवासाचेही बोलायला हवे. बेळगाव ते पुणे हे अंतर सुमारे ३४० किलोमीटर आहे आणि खोपोली त्याच्याही पुढे, घाट उतरून. पहाटे निघून थेट उद्यानात पोहोचण्याचा बेत कागदावर चांगला दिसतो, परंतु आत शिरेपर्यंत दुपार झालेली असते आणि तोवर प्रत्येक रांग पूर्ण भरलेली असते. त्यामुळे आदल्या रात्री लोणावळा किंवा खोपोलीत मुक्काम करावा. बिडदीला जाणाऱ्यांनी रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसने सकाळी बेंगळूर गाठावे. स्थानकाजवळच्या मॅजेस्टिकहून जांभळ्या मार्गाची मेट्रो म्हैसूर रस्त्यावरच्या चल्लघट्टापर्यंत जाते आणि पुढे बस किंवा गाडी मिळते. तरीही रात्रभर गाडीत झोप न लागलेल्या सात वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी उद्यानात फिरवणे मला स्वतःला पटत नाही.

प्रश्न : आत गेल्यावर कोणत्या राइडला आधी जावे? रांग पाहून किती वेळ लागेल हे कळण्याचा काही उपाय आहे का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : उपाय आहे आणि त्यासाठी सहावीचे गणित पुरते. राइड एका फेरीत किती माणसे घेते आणि दोन फेऱ्यांमध्ये किती मिनिटे जातात, एवढे दोन आकडे बाहेर उभे राहून घड्याळात पाहावेत. समजा, एका गाडीत २४ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला ४८० माणसे पुढे सरकतात, आणि रांगेत आपल्यापुढे २४० माणसे असतील तर अर्ध्या तासाने आपली पाळी येईल. माणसे एकेक करून मोजण्याची गरज नाही. कठड्यांमधल्या एका ओळीतली माणसे मोजावीत आणि तशा ओळी किती आहेत त्याने गुणावे.

हे गणित केले की डोळ्यांना दिसणारी रांग किती फसवी असते ते लक्षात येते. मोठ्या सभागृहात चालणाऱ्या राइडमध्ये पन्नास-साठ माणसे एकदम आत जातात, त्यामुळे दाराबाहेर मोठा घोळका दिसला तरी तो दोन-तीन खेळांत संपतो. उलट लहान मुलांची, बारा आसनांची एखादी राइड असते, तिथे प्रत्येक मुलाला बसवून पट्टा बांधेपर्यंत पाच मिनिटे जातात. रांगेत साठच माणसे दिसतात म्हणून आपण उभे राहतो आणि पंचवीस मिनिटे तिथेच जातात. आणखी एक गोष्ट अनुभवाने शिकण्यासारखी आहे. गर्दी कमी असलेल्या दिवशी काही उद्याने रोलर कोस्टरच्या दोन गाड्यांऐवजी एकच चालवतात, त्यामुळे माणसे निम्मी असूनही थांबण्याचा वेळ तेवढाच राहू शकतो. म्हणून माणसांच्या संख्येइतकेच फेऱ्यांमधल्या अंतराकडेही लक्ष द्यावे.

क्रमाविषयी सांगायचे तर दार उघडण्यापूर्वी अर्धा तास तिथे हजर राहावे, आणि आत शिरताच समोर दिसणाऱ्या पहिल्या राइडला थांबू नये, कारण मागून येणारे सगळे तिथेच थांबणार आहेत. उद्यानाचा नकाशा आदल्या रात्री पाहून ठेवावा, सरळ सर्वांत दूरच्या टोकाला जावे आणि सर्वाधिक मागणी असलेल्या राइड पहिल्या दीड-दोन तासांत आटोपाव्यात. जेवण साडेअकराला करावे किंवा अडीचनंतर, कारण बाहेरचे खाद्यपदार्थ बहुतेक उद्यानांत आत नेऊ देत नाहीत आणि एकच्या सुमारास उपाहारगृहातली रांग राइडपेक्षाही मोठी असते. पाण्याच्या विभागाच्या वेळा वेगळ्या असू शकतात, त्या आधीच पाहून ठेवाव्यात. तिथे सुती कपडे चालत नाहीत, म्हणून नायलॉनचा पोशाख आतून घालूनच जावे, म्हणजे कपडे बदलण्याची आणि भाड्याने पोशाख घेण्याची अशा दोन्ही रांगा वाचतात.

मुलांची उंची घरीच सेंटिमीटरमध्ये मोजावी. मोठ्या राइडना १२० किंवा १४० सेंटिमीटरची अट असते. पाऊण तास उभे राहून अगदी तोंडाशी आल्यावर मुलाला परत पाठवले जाते, तेव्हा त्याचे रडणे थांबवणे हे कोणत्याही रांगेपेक्षा अवघड असते. धाकटा बसू शकत नसेल तर एक पालक त्याच्याजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि मग पहिल्याला पुन्हा रांग न लावता सोडतात, अशी पद्धत परदेशातल्या मोठ्या उद्यानांत रूढ आहे. आपल्याकडेही चालवणाऱ्याला आधीच नम्रपणे विचारून पाहायला हरकत नाही.

प्रश्न : जास्त पैसे देऊन वेगळ्या रांगेचे तिकीट घेणे योग्य आहे का? श्रीमंतांनी पुढे जायचे, हे मनाला पटत नाही. (एक निवृत्त शिक्षक, बेळगाव)

उत्तर : आपण तिरुपतीच्या ३०० रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनाला नाके मुरडत नाही, एवढेच याबाबत म्हणतो. तरी आपल्या शंकेत तथ्य आहे. अमेरिकेतल्या डिस्नी उद्यानांनी १९९९ साली ही सोय आणली तेव्हा ती सर्वांना विनामूल्य होती. दिलेल्या वेळी परत यायचे आणि थोडे थांबून आत जायचे, असे तिचे स्वरूप होते. २०२१ साली तिची जागा पैसे घेणाऱ्या पद्धतीने घेतली. खोपोली आणि बिडदी या दोन्ही ठिकाणी असे वेगळे तिकीट मिळते आणि ते साध्या तिकिटापेक्षा बरेच महाग असते. वरच्या उत्तरातले गणित इथेही चालते, कारण निम्मी आसने वेगळ्या रांगेला दिली तर साध्या रांगेतल्या त्याच २४० जणांना अर्ध्या तासाऐवजी एक तास लागतो. एप्रिलमधल्या मंगळवारी हे तिकीट घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. नाइलाजाने मे महिन्यातल्या रविवारीच जावे लागले आणि चौघांचा खर्च झेपत असेल, तर मात्र ते घ्यावे. ते कोणकोणत्या राइडना चालते हे आधी वाचावे, कारण जेवणाची आणि स्वच्छतागृहाची रांग त्यातून सुटत नाही.

प्रश्न : सासूबाई राइडमध्ये बसत नाहीत. त्यांना एका रांगेत जागा धरायला उभे करून आम्ही तोवर दुसरी राइड केली तर चालेल का? (एक वाचक भगिनी, खानापूर)

उत्तर : नाही. मागचे लोक भांडतील आणि ते ऐकून घेण्याची वेळ सासूबाईंवर येईल.

प्रश्न : आम्ही दोन कुटुंबे मिळून मुलांना सिंगापूर किंवा हाँगकाँगला नेणार आहोत. तिथे गर्दी कधी नसते? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : खानापूरच्या भगिनींना सांगितलेला विचारच इथे करावा आणि समोरच्या देशाचे शाळेचे वेळापत्रक पाहावे. सिंगापूरच्या शाळांना मेअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत आणि पुन्हा नोव्हेंबरच्या मध्यापासून वर्षअखेरीपर्यंत मोठ्या सुट्ट्या असतात, त्यामुळे सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओला आपल्या एप्रिलच्या सुट्टीत गेलेले चांगले. १ मेच्या आसपासचे दिवस सोडावेत, कारण चीनमध्ये त्या सुमारास सलग सुट्टी असते आणि तिथले पर्यटक मोठ्या संख्येने बाहेर पडतात. याच कारणाने हाँगकाँगच्या डिस्नीलँडचा बेत दसऱ्याच्या सुट्टीत आखू नये. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिवस असून त्याला जोडून येणारी आठवडाभराची सुट्टी अनेकदा नेमकी आपल्या दसऱ्याच्याच दिवसांत पडते. अशा उद्यानांतल्या काही राइडना एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग असते आणि तिथे उरलेल्या आसनांवर लवकर जागा मिळते. आपल्यातली मोठी मुले शेजारी अनोळखी माणूस असला तरी चालेल म्हणत असतील तर त्यांना त्या रांगेत पाठवावे. लहानांना तिथे एकट्याने सोडत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासोबत साध्या रांगेत कोण थांबणार हे दोन्ही कुटुंबांनी निघण्यापूर्वी ठरवून घ्यावे.