चिनी बोलणाऱ्या मुलांसाठी मानसिक आघाताच्या लक्षणांची प्रश्नावली हवी असेल, तर भाषांतर करून घेतलं की काम होतं का?

नाही. भाषांतर हा यातला सोपा भाग.

आधी तयार आवृत्ती शोधा. चीनमधल्या १२ मे २००८च्या वेंचुआन भूकंपात शाळा कोसळल्या. त्यानंतर मुलांवर झालेल्या अभ्यासांत अशा प्रश्नावल्या चिनीत बऱ्याच वापरल्या गेल्या. पण मुख्य भूमीवरची आवृत्ती हाँगकाँगला तशीच देऊ नका. तिथे पारंपरिक लिपी चालते, घरात कॅन्टोनीज बोलतात. मोठ्याने वाचून विचारताना वाक्यं पुन्हा बांधावी लागतात.

नवीनच करायची, तर मूळ लेखकांची लेखी परवानगी, दोघांची स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, आणि मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर, म्हणजे चिनीतून परत मूळ भाषेत. ते तंतोतंत जुळलं म्हणून निर्धास्त होऊ नका. शब्दाला शब्द ठेवलेलं वाक्य उलटं फिरवलं की हमखास जुळतं, आणि नऊ वर्षांच्या मुलाला त्यातलं काही कळत नाही.

खरा वेळ मुलांसोबत घालवा. प्रत्येक वयोगटातली पाच-सहा मुलं, एकेकटी: प्रश्न वाच, तुझ्या शब्दांत सांग, उदाहरण दे. भावना बधिर झाल्यात का, हे 'मामू' (बधिर) या चिनी शब्दाने विचारलं तर मूल हातपाय बधिर होण्याबद्दल उत्तर देऊ शकतं. तिथे 'आनंद वाटायचा तिथेही काहीच वाटत नाही' असं सोपं वाक्य घाला. लहान मुलांच्या प्रतीत अवघड अक्षरांवर पिनयिन (रोमन अक्षरांत उच्चार) द्या.

सीपीएसएस-५ (मुलांमधल्या आघातोत्तर ताणाच्या लक्षणांची एक प्रश्नावली) घेतली तर २० लक्षणांना ० ते ४ गुण असतात. 'थोडंसं', 'बऱ्यापैकी' यांतला फरक मुलं धरत नाहीत, म्हणून पर्यायांतले 'आठवड्यातून २-३ वेळा' असे आकडे गाळू नका. पुढच्या सात प्रश्नांत प्रार्थनेत अडथळा येतो का, असा एक आहे. घरात प्रार्थनाच नसेल तर 'नाही' या उत्तराला अर्थ उरत नाही. तो वेगळा मोजा आणि अहवालात तसं लिहा.

झोप आणि एकाग्रतेचे प्रश्न परीक्षेच्या दिवसांत फुगतात. जूनमधल्या माध्यमिक प्रवेशपरीक्षेच्या आसपास तर प्रश्नावली देऊच नका, आणि घटना कोणती ते कागदाच्या माथ्यावर मुलाकडूनच लिहून घ्या. पालकांची प्रत आजीआजोबांनी भरली असेल (आईवडील शहरात कामाला, मूल गावात, असं चीनमध्ये फार आहे), तर मुलाच्या मनातली लक्षणं निसटतात. मुलाचं स्वतःचं उत्तर जास्त धरा.

मूळचा ३१ गुणांचा कट-ऑफ (आजाराची शक्यता धरण्याची सीमा) तसाच उचलू नका. काही मुलांची ठरावीक प्रश्नांची निदान-मुलाखत, गुण माहीत नसलेल्या तज्ज्ञाकडून घ्या आणि सीमा नव्याने ठरवा. दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घेऊन स्थिरताही तपासा.

कागद वर्गशिक्षकांच्या हाती जाता कामा नयेत, नाहीतर मुलं शिक्षकांना आवडेल तेच लिहितात. बंद पाकीट वापरा. आणि जास्त गुण आलेल्या मुलाला त्याच दिवशी कोण भेटणार, हे ठरल्याशिवाय एकही प्रत वाटू नका.