टस्कनीला पहिल्यांदा जाताय?

इटलीच्या सात दिवसांत रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस, मिलान आणि ‘जमलं तर टस्कनी’, असा बेत आहे? अहो, फ्लोरेन्स टस्कनीतच आहे! रोम-व्हेनिस-मिलान या खेपेला सोडा. मुक्काम दोनच ठेवा: चार रात्री फ्लोरेन्स, उरलेल्या सिएना शहराच्या दक्षिणेला व्हाल दोर्चाच्या खोऱ्यात, एखाद्या शेतावरच्या घरी.

नवखे हमखास चुकतात ते गाडीत. विमानतळावर उतरल्या उतरल्या ती भाड्याने घेऊ नका. पिसा, लुक्का रेल्वेने आरामात होतात. सिएनाला मात्र बस बरी, कारण तिथलं स्टेशन टेकडीखाली आहे. गाडी लागते ती फक्त व्हाल दोर्चासाठी, आणि आपल्या लायसन्ससोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हवंच. जुन्या गावांच्या तोंडाशी ‘झेडटीएल’ची (विनापरवाना गाड्यांना बंदी असलेल्या भागाची) पाटी दिसली की थांबा. आत परवान्याशिवाय गेलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी घरी येतं. गाडी वेशीबाहेर लावून चालत जा. तसंही आत चालण्यातच मजा आहे.

बाकी थोडक्यात:

- फ्लोरेन्समधली उफ्फिझी आणि अकाडेमिया (मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा अकाडेमियात आहे) ही संग्रहालयं सोमवारी बंद. तिकिटं आधीच काढा.
- मे किंवा सप्टेंबर उत्तम. २ जुलै आणि १६ ऑगस्टला सिएनात पालिओची घोडेशर्यत असते. ती बघायची नसेल तर तेव्हा तिकडे फिरकू नका.
- दुपारचं जेवण अडीचच्या आत उरका. नंतर बरीच स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद. पाव अळणीच असतो, तक्रार करू नका.

शेंगेन व्हिसाची (इटलीसाठी हाच लागतो) अपॉइंटमेंट आजच बघा. वाइनचे मळे, गरम पाण्याचे झरे वगैरे नंतर बोलू.