जपानी वस्तू घेताना दर्जा पाहावा की मूल्ये?

२०१९ पासून देवमाशांची व्यापारी शिकार पुन्हा करणाऱ्या जपानचा माल केवळ दर्जा उत्तम म्हणून घ्यावा का, असे आपण विचारले आहे. देवमाशांविषयी जाणकारांनी लिहावे. मला हा प्रश्न बोटभर लांबीच्या एका शिक्क्यामुळे पडला.

२०१२ साली तोक्योत मोटार घेताना जित्सुइन, म्हणजे वॉर्ड कार्यालयात नोंदवलेला नावाचा शिक्का, लागणार होता. आमच्या दाजींनाही तो हवा होता, म्हणून दोघे दुकानात गेलो. दुकानदाराने त्सुगे लाकूड, म्हशीचे शिंग, टायटॅनियम आणि शेवटी मखमली डबीतला हस्तिदंत असे शिक्के मांडले. हस्तिदंत शाई उत्तम धरतो, त्याची कड झिजत नाही, असे तो म्हणाला, आणि ते खोटेही नव्हते. मी लाकडी शिक्का घेतला, दाजींनी हस्तिदंती. देव्हाऱ्यात गणपती असलेल्या घरात ही वस्तू कशाला, हे ताईचे बोलणे त्यांनी हसण्यावारी नेले. माल सर्वोत्तम, विक्री कायदेशीर आणि हत्ती केव्हाच मेलेला, हा त्यांचा युक्तिवाद मी तेव्हापासून ऐकत आलो आहे.

कायदेशीर हे खरे. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदी ठरली, तरी जपानने देशांतर्गत विक्री चालू ठेवली, आणि १९९९ व २००८ साली आफ्रिकेतील सरकारी साठ्यांतून रीतसर खरेदीही झाली. परंतु दाजी ज्याला जपानी दर्जा म्हणतात, तो मुळात जपानी नाहीच. उलटी अक्षरे केसाएवढ्या रेषेत कोरणे ही तिथली कारागिरी, आणि ती लाकडावरही तितकीच उतरते; कड न झिजणे हा गुण मात्र हत्तीच्या दाताचा. म्हणून माझे स्पष्ट मत असे की अख्ख्या देशावर बहिष्कार घालणे निरर्थक आहे. हातातली वस्तू कशापासून झाली, एवढे पाहून ती घ्यावी किंवा ठेवून द्यावी. कायदा तोच असताना राकुतेनने २०१७ साली आणि याहू जपानने २०१९ साली आपल्या संकेतस्थळांवरील हस्तिदंताची विक्री बंद केली. हे मी दाजींना दोनदा कळवले. उत्तर आले नाही.

मात्र एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या लाकडी शिक्क्याची कड तिसऱ्याच वर्षी उडाली, टायटॅनियमचा घेऊन नोंदणी नव्याने करावी लागली, आणि ते मी दाजींना अद्याप सांगितलेले नाही. ते आता पुण्यास परतले आहेत. हस्तिदंत भारतात नेता येत नसल्याने त्यांचा शिक्का माझ्याच कपाटात पडून आहे.