टीबीची औषधं सुरू झाल्यावर मधुमेहाची गोळी लागू पडत नाही, असं होतं का?

हो, होतं. तुम्ही लिहिलंय की वडिलांचं पथ्य तेच आहे, ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी एकदाही चुकलेली नाही, तरी टीबीचा कोर्स सुरू झाल्यापासून शुगर चढतेय. मी फार्मासिस्ट आहे, औषधाच्या दुकानात बसते. एकाच पेशंटच्या नावावर ही दोन्ही औषधं नेहमी बघते. घरचे आधी पेशंटलाच धरतात, ‘चोरून गोड खात असणार’ म्हणून. वडिलांवर एवढ्यात तो आळ घेऊ नका.

थोडी शुगर टीबीमुळेच वाढते. अंगात मोठा संसर्ग असला की साखर वर जातेच, आणि संसर्ग आटोक्यात आला की तेवढी उतरते. पण मुख्य संशय टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनवर. लघवी नारिंगी होते ती याच औषधाने. ते यकृताला औषधं मोडणारी एन्झाइम्स जास्त बनवायला लावतं. मग ग्लिमेपिराइड पोटात नेहमीएवढंच जातं, पण रक्तात टिकत नाही. त्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटतं. मधुमेहाच्या दुसऱ्या गोळ्यांपैकी ग्लिक्लाझाइडचं तर याहून बरंच जास्त घटतं, आणि पायोग्लिटाझोनचं निम्म्याहून कमी उरतं. मेटफॉर्मिन मात्र यकृतात मोडत नाही, मूत्रपिंडातून जसंच्या तसं बाहेर पडतं, म्हणून ते यातून सुटतं. इन्सुलिनलाही या एन्झाइम्सचा त्रास नाही. त्यामुळे डॉक्टरांनी कोर्सपुरतं इन्सुलिन सुचवलं तर घाबरू नका. ‘इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं’ हा समज लोकांच्या डोक्यातून काही जात नाही, पण इथे बऱ्याच जणांना नंतर पुन्हा गोळ्यांवर येता येतं.

आता जे सहसा कोणी सांगत नाही ते. रिफाम्पिसिनचा हा परिणाम एका दिवसात येत नाही, आठवडा-दोन आठवड्यांत चढतो, आणि औषध बंद केल्यावर साधारण तितक्याच काळात ओसरतो. समजा वडिलांचा ग्लिमेपिराइडचा डोस वाढवला. सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपला, घरात सगळे खूश, आणि वाढवलेला डोस तसाच चालू राहिला. मग पुढच्या पंधरवड्यात तीच गोळी अंगात जास्त टिकू लागते आणि शुगर धाडकन खाली येते. म्हणून कोर्स संपण्याच्या तारखेआधीच मधुमेहाच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि त्यानंतरचे दोन-तीन आठवडे घरी ग्लुकोमीटरवर वरचेवर शुगर बघा. तोंडात किंवा त्वचेवर बुरशी आली म्हणून मध्येच कोणी फ्लुकोनाझोल दिलं, तरीही हाच धोका. ते औषध ग्लिमेपिराइड मोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं.

सकाळचं वेळापत्रकही तपासा. रिफाम्पिसिन रिकाम्या पोटी चांगलं शोषलं जातं, म्हणून टीबीच्या गोळ्या बहुतेक जण सकाळी उठल्यावर घेतात. काही जण त्याच घोटाबरोबर मधुमेहाचीही गोळी घेऊन टाकतात आणि मग तासभर काही खात नाहीत. तसं नको. ग्लिमेपिराइड नाश्त्याबरोबरच. मळमळतं म्हणून अँटासिड घेत असतील तर तेही टीबीच्या गोळ्यांबरोबर नको, निदान तासभर नंतर. आणि शेजारपाजारचे कारल्याचा रस सुचवतील. तो स्वतःच थोडीफार साखर उतरवतो, त्यामुळे डोस बसवण्याच्या या दिवसांत नेमकं कशामुळे काय झालं ते डॉक्टरांनाही कळेनासं होतं.

टीबीची औषधं मात्र शुगर वाढली म्हणून कुणाच्याही सल्ल्याने थांबवू नका. बदल करायचा तो मधुमेहाच्या औषधात, आणि तोही डॉक्टरांनीच.

जाता जाता, वडिलांच्या गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरात व्होग्लिबोज लिहिलंय का ते बघा. ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनबरोबर ते अनेक गोळ्यांत असतं. असेल तर भूक लागावी म्हणून दुकानातून पचनाच्या एन्झाइमचं सिरप परस्पर आणू नका, त्याने व्होग्लिबोजचा असर कमी होऊ शकतो. आणि शुगर उतरून घाम, थरथर सुरू झाली तर साधी साखर किंवा पेढा देऊन लवकर भागणार नाही, कारण व्होग्लिबोज साखरेचं पचनच लांबवतं. घरात ग्लुकोजची पावडर ठेवा, तीच पाण्यात कालवून द्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना गाठा.