३०० एमबीपीएसचा प्लॅन, पण स्पीड टेस्टवर कायम ९४. कंपनी फसवतेय का? आणि मोडेम, राउटर, ओएनटी यांत नेमका फरक काय?

फसवत नसावी. ९४ हा आकडाच चुगली करतोय. लाइनमध्ये किंवा कंपनीकडे घोळ असता तर आकडा हलला असता, सकाळी २१० आणि रात्री साठ वगैरे. दिवसभर ९३ ते ९५ मध्येच अडकून बसतो, याचा अर्थ वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं बूच बसलंय. आणि ते बहुतेक तुमच्याच घरात आहे.

शंभराचे ९४ का, तर १५०० बाइटच्या प्रत्येक पॅकेटला (डेटाच्या तुकड्याला) हेडर म्हणजे पत्ता, चेकसम म्हणजे चूक पकडणारा आकडा आणि दोन फ्रेममधली मोकळी जागा जोडून तारेवरून १५३८ बाइट खर्च होतात. त्यात तुमचा खरा माल १४४८ ते १४६० बाइट. भागून बघा. फाइल डाउनलोड होताना सेकंदाला ११.७ एमबी दिसत असतील तर तेही हेच आहे. तिथे बाइट मोजतात, प्लॅनमध्ये बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट.

बूच दोनच ठिकाणी असू शकतं, पोर्टमध्ये नाहीतर केबलमध्ये. खोक्यावर ‘एसी १२००’ छापलेल्या स्वस्त राउटरला फसू नका. ते बाराशे म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ यांची बेरीज आहे, हवेतली. मागचे पोर्ट मात्र पुष्कळदा १०/१०० चेच, म्हणजे जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचे असतात. हवेत बाराशे आणि तारेत शंभर, म्हणजे हौद मोठा आणि नळ अर्ध्या इंचाचा. काही ओएनटींचाही (फायबर ज्यात येतो तो डबा) एकच पोर्ट गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसचा असतो, बाकीचे शंभराचे, तेव्हा पोर्ट बदलून बघायला काही खर्च नाही.

पोर्ट गिगाबिट असतील तर दोष केबलचा. लॅपटॉप केबलने जोडा, विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटखाली ‘लिंक स्पीड’ वाचा. १०००/१००० असेल तर ती केबल सुटली, पुढची धरा. १००/१०० असेल तर चोर सापडला. मोबाइलवर वाय-फायनेसुद्धा ९४ च येत असेल तर ओएनटी ते राउटर हा हातभर तुकडा आधी बदला.

लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. शंभरला १, २, ३ आणि ६ या चारच पुरतात; हजारला आठही लागतात. चौथी-पाचवी किंवा सातवी-आठवी तार जॅकमध्ये (केबलच्या टोकाच्या प्लगमध्ये) नीट चावली गेली नसेल तर काही उपकरणं गुपचूप शंभरवर उतरतात, काही जोडत-तोडत बसतात. नेट ‘चालू’ असतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. बिल्डिंगमधला आणखी एक लाडका उद्योग म्हणजे एकच केबल ओढून चार तारा या फ्लॅटला आणि चार शेजारच्याला देणे, किंवा निळी आणि तपकिरी या दोन जोड्या कॅमेऱ्याच्या करंटला वापरणे. वीस-तीस एमबीपीएसच्या काळात ते खपून गेलं. आता नाही खपणार.

आता जॅक मारण्याबद्दल, कारण यावर वाद घालणारे फार भेटतात. ‘रंग कुठलेही लावा, दोन्हीकडे सारखे असले की झालं, टेस्टरवर आठ दिवे लागतात ना!’ नाही झालं. टेस्टर फक्त एवढंच सांगतो की या टोकाची एक नंबरची तार त्या टोकाला एक नंबरलाच पोचली. ती कुणाशी पिळलेली आहे हे त्याला कळत नाही. एका जोडीतल्या दोन तारा एकमेकींवर पिळलेल्या असतात त्या बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडून वजा व्हावा म्हणून. तीन आणि सहा नंबर ही एक जोडी आहे. तुम्ही नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा सरळ ओळीने तारा लावल्यात तर तीनवर हिरवीची पांढरी जोडीदार आणि सहावर निळी येते. म्हणजे जोडी मोडली. दिवे आठही लागतात, दोन मीटरवर नेटही चालतं, आणि वीस मीटर गेलं की पॅकेट गळायला लागतात. शिव्या मात्र कंपनीला.

बरोबर क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकची कडी खाली आणि सोनेरी पत्र्या तुमच्याकडे वर, तर डावीकडून एक नंबर. वरचं आवरण तीन सेंटिमीटर सोला, तारा सरळ करून १२-१३ मिलिमीटर ठेवा, बाकी कापा. पीळ यापेक्षा जास्त उलगडू नका. बाहेरचं आवरण जॅकच्या आत, दाबपट्टीखाली गेलंच पाहिजे. नुसत्या तारांवर लटकलेला जॅक चार महिन्यांत सैल होतो.

केबलही बघून घ्या. तार ब्लेडने खरवडली आणि आतून पांढरट चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. रोध तांब्याच्या दीडपट, आणि दोनदा वाकवलं की मोडतं. रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच याच केबलमधून करंट घेणारा लांबचा कॅमेरा बंद पडतो, त्याचं कारणही बऱ्याचदा हेच.

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. मोडेम तांब्याच्या टेलिफोन लाइनीवरचे सिग्नल संगणकाच्या भाषेत आणतो, ओएनटी तेच काम फायबरमधल्या प्रकाशाचं करतो, आणि राउटर ते एक कनेक्शन घरभर वाटतो. हल्ली ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात येतात, म्हणून सगळे त्याला ‘मोडेम’ म्हणतात. म्हणा, पण तक्रार नोंदवताना ओएनटीच म्हणा, आणि लाल ‘लॉस’ (LOS) दिवा लागलाय का तेही सांगा. तो लागला असेल तर प्रकाशच पोचत नाहीये आणि वरचं सगळं पुराण गैरलागू. आणि ओएनटीतला हिरवा फायबर जॅक स्वतः उपसून बघू नका. टोकाला बोटाचा तेलकटपणा लागला तरी सिग्नल पडतो.

एक सांगायचं राहिलं. लॅपटॉप थेट ओएनटीला लावून तपासणार असाल आणि लॉगिन राउटरमध्ये भरलेलं असेल, तर नेट लागणारच नाही. ते युजरनेम-पासवर्ड आधी लॅपटॉपवर भरावे लागतील. लिंक स्पीड मात्र त्याशिवायही दिसतो.